भांड्यांची वही

समाजमंदिराच्या मागच्या खोलीची किल्ली
नऊ वर्षांपासून माझ्या कमरेला आहे.
कारण एवढंच, की माझं अक्षर बरं.

आत चार गंज, दोन गुंड, सहा कोपर,
सराटे पाच, त्यातला एक वाकडा,
आणि ती कढई, जिच्यात माझी मोठी
लहानपणी लपली आणि तिथंच झोपली होती.
बहुतेकांवर टोच्यानं कोरलेली नावं.
‘कै. सुगंधाबाई दडमल हिच्या नावानं.’
‘सोमा नन्नावरे. बैलजोडी विकली त्या साली.’
एकावर नुसतंच ‘आमच्याकडून’.

आणि वही. उघडली की हळदीचा, धुराचा वास येतो.
‘फागो जांभुळे. मुलीचं लग्न. गंज दोन, झारा एक. परत.’
‘महादेव श्रीरामे. तेरवी. कढई. परत. घासलेली नाही.’
‘तोच महादेव. नातवाचं बारसं. तीच कढई. परत. लख्ख.’
वहीत सर्वांत जास्त वेळा आलेला शब्द कोणता
हे मोजायची गरज नाही.

शेवटची नोंद पाच वर्षांमागची.
मग चंद्रपूरहून टेम्पो यायला लागला.
त्यात सगळंच असतं: ताट, वाटी, चमचा,
पाणीसुद्धा, दोन घोटांच्या बाटल्यांत.
जेवण झालं की घासायचं काही उरत नाही.
राखेचा हात करून ओळीनं बसलेल्या बायकांत
जी भांडणं मिटायची
ती आता कुठं मिटतात, मला माहीत नाही.
सकाळी वारा सुटतो,
ताटं पऱ्हाटीत शिरतात
आणि धुऱ्यावरच्या बोरीला चमचे लागतात.

माझ्या मोठीच्या लग्नातही टेम्पोच आला होता.
मीच फोन केला. पाठीचं दुखणं सांगितलं सगळ्यांना.
खरं म्हणजे व्याही नागपूरचे,
आणि वाकड्या सराट्याची मला लाज वाटली.
किल्ली तेव्हाही कमरेलाच होती.

परवा एक पोरगा आला मोटारसायकलवर.
जंगलाच्या गेटजवळ नवं रिसॉर्ट झालंय, तिथं कामाला.
‘मावशी, जुनी पितळी भांडी पाह्यजे.’
कशाले?
‘दारात ठेवाले. गंजात पानी, पान्यावर फुलं.
पाहुन्यायले अस्सल गाव आवडते.’
वजनावर नाही, म्हणाला, नाव कोरलेलं असलं
तर भाव वेगळा.
मी विचारलं, सोमाच्या गंजाचे किती?
त्यानं मोबाईलवर बोट फिरवून आकडा सांगितला.
सोमाला बैलांचे तेवढे आले नव्हते.

मी गप्प बसले थोडा वेळ.
छत गळतं. तेवढ्यात पत्रे आले असते, खोटं कशाला बोलू.

मग वही काढली.
नाव विचारलं. प्रज्वल सावसाकडे. लिहिलं.
गंज एक.
कारण: फुलं.
त्यापुढचा रकाना आला.
‘कधी आनून देशीन?’
तो हसला. माझ्याकडे पाहिलं, हसायचा थांबला.
‘मावशी, मी इकत घेऊन राह्यलो ना.’
‘हाव बापा.
पन ह्या वहीत तसा रकाना नाही.’

तो विचारून सांगतो म्हणून गेला.
त्याच्या गाडीची धूळ बसेपर्यंत
मी उंबऱ्यावर वही मांडीवर घेऊन होते.
सोमाच्या गंजात एक पाल राहते, ती बाहेर डोकावून गेली.
मग त्याची ओळ खोडली
आणि खाली आणखी एक लिहिली, चार वर्षं उशिरा.
माझं नाव. मोठीचं लग्न. नेलं: काही नाही.
शेवटच्या रकान्यात पेन टेकवलं
आणि तसंच धरून बसले,
शाईचा थेंब ज्वारीच्या दाण्याएवढा होईस्तोवर.